पाण्याचा घडा कोणी भरावा?

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असे संपादक मंडळाचे पत्र आले, त्याच आठवड्यात या विद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी आमच्या विक्रोळीच्या घरी आली होती. पार्कसाइटच्या डोंगरउतारावरील वस्तीतून आम्हीच तिला पाचव्या इयत्तेत येथे पाठविले होते. आज ती लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका काचेच्या इमारतीत परदेशी ग्राहकांच्या हिशेबाचे काम करते. नोकरी ठेवावी की सोडावी, हे विचारण्यासाठी ती आली होती. 'सर, जयभीम' म्हणून बसली, चहा झाला, आणि मग तासभर बोलत राहिली.

कामावर रुजू होताच तिला तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. अमेरिकन ग्राहकाला 'पाहतो, करतो' असे मोघम सांगू नये, जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणावे. दिलेली वेळ मिनिटाने चुकवू नये. जपानी ग्राहक गप्प राहिला म्हणजे त्याने संमती दिली असे समजू नये. भिन्न संस्कृतींच्या लोकांशी कामकाज कसे करावे, याचे ते शिक्षण होते. तिला ते उपयोगी पडले, आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. परंतु चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या सहकाऱ्याने तिला पूर्ण नाव विचारले. तिने स्वतःचे व वडिलांचे नाव सांगितले. 'तसं नाही, आडनाव?' तिने आडनाव सांगितले. 'गाव कोणतं?' तेही सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्या गृहस्थांचा डबा पलीकडच्या टेबलावर उघडू लागला. कोणी अपशब्द बोलले नाही, कोणता नियम मोडला गेला नाही. मग तक्रार तरी कशाची करावयाची?

पुढची गोष्ट मात्र तिने खाली मान घालून सांगितली. काही दिवसांनी केरळातून आलेल्या एका सहकारिणीने तिला फोनवर आईशी बोलताना ऐकले आणि विचारले, 'तू जयभीम म्हणतेस, त्याचा अर्थ काय?' आमच्या विद्यार्थिनीने तिला तोडून उत्तर दिले व बोलणे थांबविले. दोन महिन्यांनंतर कळले की, त्या मुलीला एका चित्रपटाच्या नावापलीकडे तो शब्द खरोखरच ठाऊक नव्हता. ती आईवडिलांपासून दूर राहणारी; आमच्या मुलीच्या आईने डब्यातून पाठविलेली भाकरी तिला आवडली होती, आणि आईंना त्यांच्याच रीतीने नमस्कार सांगावा म्हणून तिने विचारले होते. 'सर,' आमची विद्यार्थिनी म्हणाली, 'कोणता प्रश्न अपमानाचा आणि कोणता अज्ञानाचा, हे ओळखायला आम्हाला कोणी शिकवलं नाही. शाळेतसुद्धा नाही.'

या शेवटच्या वाक्याने आम्ही अस्वस्थ झालो. हा लेख त्या अस्वस्थतेतून लिहिलेला आहे.

भिन्न संस्कृतींचे लोक एकत्र काम करतात तेव्हा काय घडते, याचा पद्धतशीर अभ्यास पाश्चात्त्य विद्यापीठांत पुष्कळ झाला. हेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९८० साली त्यावर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. हाताखालचा मनुष्य वरिष्ठापुढे दबून राहणे किती स्वाभाविक मानतो, हेही त्याने मोजले. कल्पना मोलाची आहे. परंतु या मोजणीत प्रत्येक देशाच्या वाट्याला एकेक आकडा येतो, आणि भारतालाही एकच येतो. आम्ही विक्रोळीत राहणारी माणसे या एका आकड्याला काय करावे? आमच्याकडे न्यूयॉर्कपर्यंतचे अंतर फोनवरून तुटते. एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंतचे तुटत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या 'जातिभेदाचे निर्मूलन' या न दिल्या गेलेल्या भाषणात नेमका हाच विचार मांडला आहे. समाजाच्या एका भागात घडलेला बदल दुसऱ्या भागापर्यंत पोहोचण्यास पुरेशा वाटा हव्यात, हा त्यांचा आग्रह कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांच्या विचारांशी नाते सांगणारा आहे. जात या वाटा बंद करते. परदेशी ग्राहकाशी कसे बोलावे याचे प्रशिक्षण त्यांपैकी एकही वाट उघडत नाही.

आणि तरी विक्रोळी हे गाव या विषयावर बोलण्यास अपात्र नाही. येथे कन्नमवारनगर आहे, ते चंद्रपूरकडच्या मारोतराव कन्नमवारांच्या नावाचे. टागोरनगर आहे, ते बंगालच्या कवीच्या नावाचे. आणि या दोन्ही वसाहतींत कोकणातला, घाटावरचा, मराठवाड्यातला, उत्तरेतला, दक्षिणेतला माणूस एकाच जिन्याने चढतो-उतरतो. एका पारशी घराण्याने उभारलेल्या येथील कारखान्याने या सर्वांच्या बापजाद्यांना रोजगार दिला. त्या कारखान्याची एक गोष्ट आम्ही इतिहासाच्या तासाला दरवर्षी सांगतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या गोदरेजच्या या विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या. त्या वेळी बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, आणि भाषा तर गावागणिक बदलणारी. म्हणून उमेदवारागणिक निराळी पेटी ठेवली गेली व पेटीवर चिन्ह लावले गेले. ज्याला नाव वाचता येत नाही त्याने चिन्ह पाहावे आणि मतपत्रिका पेटीत टाकावी. मतदाराला वाचता येत नाही हा त्याचा दोष धरला गेला नाही. 'आधी शिकून ये, मग मत दे' असे त्याला कोणी सांगितले नाही. त्याला येता येईल अशी वाट संस्थेने करून दिली.

वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांनी जुळवून घ्यावे, असे सर्वच म्हणतात. आमचा प्रश्न एवढाच असतो की, जुळवून कोणी घ्यावयाचे? बहुधा हे ओझे दुबळ्याच्या खांद्यावर येते. ज्याचा उच्चार वेगळा, त्याने तो बदलावा. ज्याचा डबा वेगळा, त्याने तो लांब बसून खावा. ज्याचे आडनाव ओळखू येते, त्याने ते आखूड करावे. रात्रपाळीत परदेशी ग्राहकासाठी इंग्रजी नाव धारण करणारी मुलेही आमच्या परिचयाची आहेत. हीच मुले दिवसा भाड्याची खोली पाहावयास जातात तेव्हा घरमालकापुढे वेगळेच आडनाव सांगतात. अशा मुलांना 'स्वाभिमान गहाण टाकला' म्हणून हिणवणारे लोक आमच्यात आहेत. त्यांनी १९१७ सालचे बडोदे आठवावे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी उतारगृहात राहिले, आणि अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. शहरातील एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही त्या दिवशी आसरा दिला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कार्यालयातही शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. नाव लपविणाऱ्यापेक्षा ते लपवावयास लावणारा दोषी असतो, हे आमच्या कार्यकर्त्यांना पुन्हा सांगावे लागते, याचा आम्हांस खेद वाटतो.

परंतु बडोद्याच्या या प्रसंगाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आपण मुलांना क्वचितच सांगतो. त्याच पारशी समाजातील नवल भथेना हे बाबासाहेबांचे कोलंबियातील स्नेही होते. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा ज्यांनी त्यांना उसने पैसे देऊन मदत केली, त्यांत हे भथेना होते. काठी घेऊन येणारा पारशी आणि पैसे देणारा मित्रही पारशी. बाबासाहेबांनी एकामुळे दुसऱ्याला नाकारले नाही. समोरच्या व्यक्तीकडे तिच्या समाजाचा नमुना म्हणून न पाहणे, हा भिन्न संस्कृतींत वावरण्याचा पहिला धडा असला पाहिजे. आमच्या विद्यार्थिनीकडून या धड्यात चूक झाली. पलीकडच्या टेबलावर गेलेल्या गृहस्थांचा राग तिने केरळच्या मुलीवर काढला. यात तिचा दोष आहे, असे आम्ही म्हणणार नाही. दोष शिकविणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत आम्हीही आलो.

आमच्या दोषाविषयी बोलतो आहोत तर एक जुनी गोष्ट येथेच सांगून टाकू. सुमारे अठरा वर्षांपूर्वी आम्ही शिकवीत असलेल्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या कामांची वाटणी आमच्याकडे होती. रंगमंच सजविणे, पाहुण्यांचे स्वागत, अल्पोपाहार, सभागृहाची झाडलोट अशी कामे. झाडलोटीच्या यादीत आम्ही चार मुलांची नावे लिहिली. मुले कामसू होती, म्हणून लिहिली, असे आम्ही त्या वेळी कोणी विचारले असते तर शपथेवर सांगितले असते. त्यांपैकी तिघांचे वडील महानगरपालिकेच्या सफाई खात्यात होते, हे आमच्या लक्षात आले नाही. खरे म्हणजे, ते आमच्या लक्षात असल्यामुळेच आमच्या लेखणीने ती नावे तेथे लिहिली असावीत. त्यांतला एक मुलगा घरी गुजराती बोलणारा, वर्गात गप्प राहणारा. तो संमेलनाला आला नाही. दोन दिवसांनी त्याची आई आली व दारातच उभी राहून म्हणाली, 'साहेब, त्याच्या हातचा झाडू सुटावा म्हणून आम्ही त्याला शाळेत घातला.' आम्ही चौदा एप्रिलला व्यासपीठावरून समतेवर बोलणारे, दीक्षाभूमीला दरवर्षी जाणारे, इतिहासाचे पदव्युत्तर विद्यार्थी. त्या बाईंना बसावयास खुर्ची दिली, एवढेच आम्हांस सुचले.

कोणी म्हणेल, हा अपवाद. आमचा अनुभव तसा नाही. जयंतीच्या मिरवणुकीत मातंग मुलाला मागे ठेवणारी मुले आम्ही आमच्याच वस्तीत पाहिली आहेत. शेजारच्या घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' ही कादंबरी लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे त्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. अण्णा भाऊ शाळेत जेमतेम गेले. तरी त्यांची पुस्तके परभाषांत गेली आणि १९६१ साली ते स्वतः रशियाला जाऊन आले. त्यांना रशिया जवळ होता. आम्हांला मात्र विक्रोळीहून चिरागनगर लांब पडते.

वस्तीत जे जमत नाही ते निवासी शाळेत जमू शकते, अशी आमची श्रद्धा आहे, आणि तिला महाराष्ट्राच्या इतिहासाचा आधार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहण्यास साहाय्य केले, ती जातवार होती: मराठ्यांचे निराळे, जैनांचे निराळे, लिंगायतांचे, मुसलमानांचे निराळे, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. एका ताटात जेवा म्हटले असते तर मुले शाळेतच आली नसती. महाराजांनी आधी मुले शाळेत आणली. याच मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जैन वसतिगृहातील एक विद्यार्थी उपस्थित राहिला. परतल्यावर त्याला स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या त्या बाईंनी कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय परजातीच्या मुलांना वाढावयास घेतले, ही गोष्ट आम्हांस दागिने मोडण्याइतकीच मोठी वाटते. दुसऱ्याच वर्षी, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह सुरू केले. आपले हे विद्यालय या दोन्ही परंपरांचे वारस आहे.

केवळ एकत्र आणून बसविल्याने मात्र माणसे एक होत नाहीत. मुंबईच्या गिरण्यांनी हे दाखवून दिले आहे. गिरणीत सर्व जातींचे कामगार एका भोंग्यावर येत, एकाच मालकाशी भांडत. तरी विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी कांडी घालताना दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. खाते अधिक मजुरीचे. म्हणजे विटाळाचा हिशेब थेट पगाराच्या पाकिटात होत होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांना त्यांनी विचारले की, आधी आपापसांतील एकजूट कोठे आहे? पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि सरकार, मालक व कामगार या तिघांना एका टेबलाशी बसविणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. गिरणीच्या अनुभवातून गेलेल्या माणसाने नुसत्या सद्भावनेवर विसंबून न राहता बसण्याची जागा व बोलण्याची रीत ठरवून दिली, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो.

अशी रीत आपल्याला परकी नाही. विनयपिटक हा नियमांचा रूक्ष ग्रंथ आहे असे समजून आपले लोक तो उघडत नाहीत. आमच्या मते, निरनिराळ्या कुळांतून, जातींतून, प्रदेशांतून आलेल्या माणसांची संस्था कशी चालवावी, यावरचा तो आपल्या देशातील सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक आहे. यमेळ व तेकुल हे दोन ब्राह्मण भिक्षू तथागतांकडे तक्रार घेऊन आले की, नाना जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात. ते छंदात बांधावे. तथागतांनी त्यांचा निषेध केला आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत शिकावे अशी अनुज्ञा दिली. (हे आम्ही किती जड मराठीत लिहीत आहोत, याची आम्हांस कल्पना आहे, वर्गातही 'ण' ऐवजी 'न' म्हणणाऱ्या मुलाला थांबविण्याची जुनी खोड आम्हांला आहे, आणि ती सोडण्याचा आमचा प्रयत्न चालू आहे.) १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात याचाच प्रत्यय आला. ब्रह्मदेशात जन्मलेल्या महास्थविर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी पालीतून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि नंतर जनसमुदायाकडे वळून बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून.

विनयातील दुसरी एक कथा तर आपल्या दक्षिणेकडची आहे. अवंतीत महाकात्यायन स्थविर राहत. तेथे भिक्षू इतके थोडे की, सोण कुटिकण्ण या तरुणाच्या उपसंपदेसाठी दहा भिक्षू जमविण्यास तीन वर्षे लागली. सोण पुढे तथागतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर अडचणींची यादी दिली. आमच्याकडे भिक्षू कमी. आमच्याकडची जमीन काळी, कठीण व गुरांच्या खुरांनी तुडविलेली. आमच्याकडचे लोक स्नानाला महत्त्व देतात. आमच्याकडे मेंढी-शेळीची कातडी अंथरण्याची रीत आहे. ही काळी जमीन विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना निराळी सांगावयास नको. तथागतांनी नियम शिथिल केले: दहाऐवजी पाच भिक्षू पुरेत, त्यांत एक विनयधर असावा; पादत्राण जाड असावे; स्नान वरचेवर करावे; कातड्याचे आसन चालेल. मगधातील रीत हीच धम्माची रीत, असा हट्ट धरला गेला नाही. प्राणिहिंसा, चोरी यांविषयीच्या नियमांना मात्र हात लागला नाही. चपलेचा नियम कोणता आणि शीलाचा कोणता, हे ज्याला ओळखता येते त्याने कोणत्याही देशात जाऊन काम करावे.

आणि ज्यांना ते ओळखता येत नाही त्यांचे काय होते, हे कोशाम्बीत दिसले. घोषितारामात भिक्षूंचे दोन तट पडले. अट्ठकथा सांगते की, भांडणाचे मूळ शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी होते. ते ठेवावे की ओतावे, यावर विनयधर व धम्मधर यांच्यात वाद पेटला, आणि तो तथागतांनी समजावूनही मिटेना. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही या कथेत अतिशयोक्ती वाटणार नाही. तथागत संघ सोडून एकटे निघून गेले आणि प्राचीनवंस वनात अनुरुद्ध, नंदिय व किम्बिल या तिघांकडे आले. हे तिघे दूध आणि पाणी मिसळावे तसे राहत होते. कसे राहता, असे विचारल्यावर अनुरुद्धाने काही मोठे तत्त्वज्ञान सांगितले नाही. भिक्षेहून जो आधी येतो तो आसने मांडतो, पिण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो सर्व आवरतो व जागा झाडतो. पिण्याचा, वापरण्याचा किंवा शौचाचा पाण्याचा घडा ज्याला रिकामा दिसतो तो भरून ठेवतो. एकट्याला उचलत नसेल तर तो हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून घडा जागेवर ठेवतात. दर पाचव्या रात्री तिघे एकत्र बसून धम्मचर्चा करतात.

हा अनुरुद्ध कोण, तेही पाहिले पाहिजे. तो शाक्य कुळातील, ऐश्वर्यात वाढलेला. शाक्यकुमार संघात प्रवेश घेण्यास आले, तेव्हा आमचा कुलाभिमान नाहीसा व्हावा म्हणून आमच्याआधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती करणाऱ्यांतला तो एक. म्हणजे ज्या हातांनी आधी उपालीला वंदन केले, त्याच हातांनी पुढे शौचाचा घडा भरला. आमच्या त्या झाडलोटीच्या यादीत काय चुकले होते, ते आम्हांस ही कथा पुन्हा वाचताना समजले. झाडणे हे हलके काम नव्हते. ते कोणी करावयाचे हे आधी ठरलेले होते, आणि चूक तेथे होती. अनुरुद्धाच्या वनात काम कोणाच्याही नावावर नसते; घडा ज्याला दिसेल त्याचा असतो.

आता आपल्या विद्यालयापुरते बोलू. येथील शयनगृहांत मुले जिल्ह्याप्रमाणे विभागली जातात, असे आमच्या विद्यार्थिनीकडून कळले. नव्या मुलाला परके वाटू नये, हा त्यामागील हेतू चांगला आहे, आणि पहिल्या सहामाहीपुरता तो योग्यही आहे. परंतु मुंबईची मुले पाच वर्षे मुंबईच्याच मुलांत राहिली, अमरावतीची अमरावतीच्याच, आणि आदिवासी पाड्यांवरून आलेली थोडी मुले शेवटच्या खोलीत, तर वऱ्हाडी बोली ऐकून हसू येणे आणि आपल्या बोलीची लाज वाटणे हे दोन्ही रोग येथेच जडतील. दुसऱ्या सहामाहीपासून खोल्या मिसळाव्यात. पालकांचा विरोध होईल. त्यांच्याशी आम्ही बोलू. बौद्धेतर मुलांनी वंदनेला बसावे की न बसावे, याचा निर्णय आम्ही व्यवस्थापनावर सोडतो. आमचे स्वतःचे मत असे की, बसण्यास बोलवावे, पण बसविण्यास भाग पाडू नये, आणि त्यांच्या घरी काय करतात ते त्यांना विचारावे. विचारण्याची ही सवय येथे लागली तर पुढे कोणी 'जयभीम म्हणजे काय' असे विचारले असता आमची मुले शांतपणे सांगू शकतील. आणि आडनाव खोदून विचारणाऱ्याकडे पाहून 'तुम्हाला ते कशासाठी हवे आहे?' असा उलट प्रश्नही त्यांना आवाज न चढविता करता येईल. हाही एक शिकण्याचाच विषय आहे. त्यासाठी दर पाचव्या दिवशीची एक सायंकाळ राखून ठेवता येईल.

आमच्या विद्यार्थिनीने नोकरी सोडलेली नाही. केरळच्या मुलीची तिने क्षमा मागितली; दोघींचे डबे आता एकत्र उघडतात. पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ अजून पलीकडेच आहेत. त्यांच्याविषयी आम्ही तिला कोणता सल्ला द्यावा, हे आम्हांस त्या सायंकाळी सुचले नाही, आणि आजही पुरते सुचलेले नाही.

कामांच्या पाळ्यांविषयी शेवटी एक विनंती. वसतिगृहात पाणी भरणे, झाडणे व शौचालये स्वच्छ ठेवणे यांच्या पाळ्या आज मुलांना लावल्या जातात. त्यांत शिक्षक, गृहपाल आणि मुक्कामास येणारे पाहुणे यांचीही नावे घालावीत, आणि यादी दर पंधरवड्यास चिठ्ठ्या टाकून करावी, म्हणजे कोणाच्या लेखणीला आपोआप कोणतेही नाव सुचणार नाही. येत्या वर्षावासात आम्ही आठ दिवस विद्यालयात मुक्कामास येणार आहोत. शौचालयाच्या पाण्याच्या पहिल्या पाळीत चिठ्ठी न टाकता आमचे नाव लिहून ठेवावे.